जुन्या मजकुरातले बिशप, डीकन आणि कार्डिनल कसे वाचावेत

युरोपातल्या एका जुन्या धर्मप्रांताचा, म्हणजे एका बिशपच्या क्षेत्राचा, इतिहास तुम्ही मराठीत आणताय आणि चार ठिकाणी अडलात. बायबलच्या काळात बिशप आणि प्रीस्ट वेगळे होते का? कार्डिनल असलेला माणूस नुसता डीकन कसा? एकाच बिशपच्या सत्तेचे दोन नकाशे दोन निराळ्या सीमा का दाखवतात? आणि मॉन्सिन्यॉर ही पदवी असलेला माणूस बिशपच्या वर की खाली? चर्चचे जुने दस्तऐवज वाचण्यात आणि ते विद्यार्थ्यांना वाचायला शिकवण्यात माझी बरीच वर्षे गेली. या चारही अडचणींचे मूळ मला एकच दिसते. ही सगळी पदे एका जिन्याच्या पायऱ्या आहेत असे आपण धरून चालतो: तळाला डीकन, मग प्रीस्ट, बिशप, आर्चबिशप, कार्डिनल आणि माथ्यावर पोप. असा जिना कुठल्याच शतकात नव्हता.

प्रत्येक पदनामासमोर तीन प्रश्न वेगवेगळे ठेवावे लागतात. या माणसाला दीक्षा कोणती मिळाली होती? त्याचा अधिकार कुणावर आणि कुठवर चालत होता? आणि त्याला मान कोणता होता? दीक्षेच्या बाबतीत कॅथलिक आणि ऑर्थोडॉक्स परंपरा आज तीनच स्तर मानतात: डीकन, प्रीस्ट, बिशप. पोप हा दीक्षेने बिशपच असतो. त्याच्यासाठी चौथी दीक्षा नाही. आर्चबिशप (मोठ्या धर्मप्रांताचा बिशप), पॅट्रिआर्क (एखाद्या मोठ्या जुन्या चर्चचा प्रमुख बिशप) हे अधिकाराचे किंवा मानाचे शब्द. कार्डिनल हा तर निराळाच प्रकार, त्याच्याकडे पुढे येतो.

आधी बायबल. नव्या करारात ‘एपिस्कोपोस’ म्हणजे देखरेख करणारा आणि ‘प्रेस्बितेरोस’ म्हणजे वडील. मराठी बायबलात हेच अध्यक्ष आणि वडील म्हणून येतात. प्रेषितांच्या कृत्यांचा विसावा अध्याय उघडून पाहा. सतराव्या वचनात पौल इफिसच्या मंडळीच्या वडिलांना मिलेतला बोलावून घेतो आणि अठ्ठाविसाव्या वचनात त्याच माणसांना अध्यक्ष म्हणतो. तीताला लिहिलेल्या पत्राच्या पहिल्या अध्यायातही ‘नगरोनगरी वडील नेम’ असे सांगता सांगता बोलणे अध्यक्षावर येते, आणि माणूस बदललेला नसतो. फिलिप्पैकरांना लिहिलेल्या पत्राच्या आरंभी एकाच गावात अनेक अध्यक्ष आहेत. तेव्हा पहिल्या शतकातल्या मजकुरात ‘एपिस्कोपोस’ दिसला की लगेच ‘बिशप’ लिहू नका. वाचकाच्या डोळ्यांपुढे उंच टोपी आणि दंड उभा राहतो आणि पहिल्या शतकात त्यातले काही नव्हते. हे काही आधुनिक संशोधकांनी प्रथम हेरले असेही नाही. चौथ्या-पाचव्या शतकात बायबलचा लॅटिन भाषांतरकार जेरोम याने एका पत्रात हीच वचने दाखवून दिली आणि दोन्ही पदे मुळात एकच होती असे ठामपणे लिहिले. रोममधले काही डीकन प्रीस्टांच्या डोक्यावर बसू पाहत होते, त्याचा त्याला राग होता. म्हणून हा युक्तिवाद इतका धारदार उतरला आहे.

एक बिशप, त्याच्याभोवती वडिलांचे मंडळ आणि हाताखाली डीकन, ही रचना प्रथम स्पष्ट दिसते ती अंत्युखियाचा बिशप इग्नाशियस याच्या पत्रांत, दुसऱ्या शतकाच्या सुरुवातीला. रोमन आशिया प्रांतातल्या (आजच्या पश्चिम तुर्कस्तानातल्या) मंडळ्यांना लिहिताना तो बिशपशिवाय काही करू नका असे पुन्हा पुन्हा बजावतो. रोमकरांना लिहिलेल्या पत्रात मात्र तो तिथल्या बिशपचा उल्लेखच करत नाही. पहिल्या शतकाच्या अखेरीस रोमहून करिंथला गेलेले पत्र, जे क्लेमेंटच्या नावाने ओळखले जाते, तेही वडील आणि अध्यक्ष हे शब्द अदलून बदलून वापरते. म्हणजे हा बदल एका वर्षी, एका हुकमाने झाला नाही. कुठे लवकर आला, कुठे दोन पिढ्या उशिरा. भाषांतरात अशा ठिकाणी सरळ ‘अध्यक्ष’ ठेवावे आणि दुसऱ्या शतकाच्या मध्यानंतर ‘बिशप’वर यावे, असे माझे मत.

डीकनचे तसेच. प्रेषितांच्या कृत्यांच्या सहाव्या अध्यायात निवडलेल्या सात जणांना पहिले डीकन म्हणायची प्रथा जुनी आहे. पण त्या उताऱ्यात ‘दियाकोनोस’ हे नाम त्यांना लावलेले नाही, फक्त सेवेचा उल्लेख आहे. उलट रोमकरांस पत्राच्या सोळाव्या अध्यायात किंख्रियाच्या मंडळीतल्या फिबीला पौल हाच शब्द लावतो. इ.स. ११२ च्या सुमारास प्लिनी या रोमन सुभेदाराने सम्राट ट्रेजनला कळवले की त्याने दोन दासींचा छळ करून चौकशी केली आणि ख्रिस्ती लोक त्यांना सेविका म्हणत. यातून पुढच्या काळासारखी दीक्षाविधी झालेली स्त्री डीकन सिद्ध होते असेही नाही आणि नव्हती असेही नाही. या मुद्द्यावर आजचे वाद फार तापलेले आहेत. इतिहासाच्या भाषांतराने त्यात कुणाची वकिली करू नये.

‘याजक’ हा शब्द मात्र फार जपून वापरा. नवा करार ‘हिएरेउस’ म्हणजे वेदीवर बळी अर्पण करणारा, हा शब्द यहुदी मंदिरातल्या याजकांना लावतो, लुस्त्र गावातल्या झ्यूसच्या पुजाऱ्याला लावतो. इब्री लोकांस पत्र ख्रिस्ताला लावते, प्रकटीकरण सगळ्या विश्वासणाऱ्यांना मिळून लावते. मंडळीत काम करणाऱ्या एकट्यादुकट्या माणसाला कुठेही नाही. हा बदल इ.स. २०० च्या आसपासचा. उत्तर आफ्रिकेतला लेखक टर्टुलियन बिशपला मुख्य याजक म्हणतो, तिसऱ्या शतकाच्या मध्यात कार्थेजचा बिशप सिप्रियन याच्या लिखाणात ‘सासेर्दोस’ (याजकासाठीचा लॅटिन शब्द) म्हणजे बहुधा बिशपच असतो, आणि पुढे हळूहळू तो शब्द खालच्या प्रेस्बितेरांपर्यंत, म्हणजे आजच्या प्रीस्टांपर्यंत, उतरतो. चौथ्या शतकापर्यंतच्या लॅटिन मजकुरात ‘सासेर्दोस’ला डोळे मिटून ‘प्रीस्ट’ लिहिले की अर्ध्या वेळा तरी माणूस चुकीचा ठरतो.

तिसऱ्या शतकातल्या एका मोठ्या मंडळीची प्रत्यक्ष रचना कशी होती, हे सांगणारा एक अप्रतिम दाखला आहे. इ.स. २५१ मध्ये रोमचा बिशप कॉर्नेलियस अंत्युखियाच्या फेबियसला आपल्याकडची मोजदाद कळवतो आणि इतिहासकार युसेबियसने ते पत्र जपून ठेवले आहे. एक बिशप, ४६ प्रेस्बितेर, ७ डीकन, ७ उपडीकन, ४२ अकोलाइट (विधींतले मदतनीस), भूत काढणारे, वाचक आणि द्वारपाल मिळून ५२, आणि मंडळी पोसत असलेल्या विधवा व गरजू १५०० हून अधिक. आकड्यांकडे नीट बघा. डीकन फक्त सात, कारण प्रेषितांच्या कृत्यांतले सात. पण १५०० लोकांचे पोट आणि मंडळीची तिजोरी त्या सात जणांच्या हाती. ४६ प्रेस्बितेरांपेक्षा त्यांचे वजन जास्त असणारच! पुढे शतकानुशतके रोममध्ये डीकनांमधून थेट बिशप निवडले गेले, ते यामुळे. नायसियाच्या परिषदेला ३२५ मध्ये अठरावा नियम करून डीकनांना सांगावे लागले की प्रेस्बितेरांना ख्रिस्तप्रसाद वाटणे तुमचे काम नव्हे आणि त्यांच्यामध्ये बसायचेही नाही. दीक्षेने खालचा माणूस अधिकाराने वरचढ होता, म्हणून हा नियम लागला.

आता धर्मप्रांत. ‘डायोसिस’ हा शब्द बायबलमधला नाही आणि मुळात चर्चचाही नाही. ग्रीक ‘दिओइकेसिस’ म्हणजे कारभार, व्यवस्था. सिसेरोच्या पत्रांत तो रोमन राज्यकारभारातला विभाग म्हणून येतो. तिसऱ्या शतकाच्या अखेरीस सम्राट डायोक्लेशियनच्या फेररचनेत साम्राज्याचे सुमारे शंभर छोटे प्रांत झाले आणि त्यांचे बारा मोठे गट पडले. या गटाला डायोसिस म्हणत आणि त्यावर ‘व्हिकारियस’ नावाचा अधिकारी असे. तेव्हा ३८१ च्या कॉन्स्टँटिनोपलच्या परिषदेचा दुसरा नियम जेव्हा म्हणतो की बिशपांनी आपल्या डायोसिसबाहेर जाऊ नये, तेव्हा तो इजिप्त, पूर्व, आशिया, पोंतस, थ्रेस अशा अवाढव्य विभागांबद्दल बोलत असतो. एका बिशपच्या क्षेत्राला त्या काळी ग्रीकमध्ये ‘परोइकिया’ म्हणत, जो शब्द आज धर्मग्रामासाठी, म्हणजे एका स्थानिक चर्चच्या हद्दीसाठी, उरला आहे. पाचव्या-सहाव्या शतकातल्या गॉलमध्ये (आजच्या फ्रान्समध्ये) तर उलटीच तऱ्हा: तिथे ‘दिओएसेसिस’ हा लॅटिन शब्द कित्येकदा खेड्यातल्या धर्मग्रामाला लावलेला सापडतो. पूर्वेकडे ‘एपार्किया’ म्हणजे नायसियाच्या नियमांत मेट्रोपॉलिटनच्या (प्रांतातल्या इतर बिशपांवर अधिकार असलेल्या मुख्य नगराच्या बिशपच्या) हाताखालचा सगळा प्रांत, आणि आज त्याच नावाने एका बिशपचे क्षेत्र ओळखले जाते. त्यामुळे ‘डायोसिस म्हणजे धर्मप्रांत’ हे समीकरण साधारण मध्ययुगाच्या भरापासून पुढे निर्धास्त वापरा. त्याआधी प्रत्येक ठिकाणी आकार तपासा.

चर्चची हद्द सरकारी हद्दीला चिकटलेली होती आणि त्याचे परिणाम माणसांना भोगावे लागले. ३७२ च्या सुमारास सम्राट व्हॅलेन्सने आजच्या तुर्कस्तानातला कॅपाडोशिया प्रांत दुभागला. कैसरियाचा बिशप बासिल त्या प्रांताचा मेट्रोपॉलिटन होता. नव्या तुकड्याची राजधानी झालेल्या त्यानाचा बिशप अँथिमस म्हणाला, आता माझ्या प्रांताचा मेट्रोपॉलिटन मी. हाताखालचे बिशप आणि महसूल निसटू नये म्हणून बासिलने वादातल्या सीमेवर नवी बिशपपदे काढली. त्यांतल्या सासिमा नावाच्या ठिकाणी त्याने आपला जिवलग मित्र, नाझियान्झसचा ग्रेगरी, याला बसवले. सासिमा म्हणजे तीन रस्ते मिळतात तिथला एक टपालाचा टप्पा. पाणी नाही, हिरवे पान नाही, नुसती धूळ आणि गाड्यांचा खडखडाट, असे वर्णन ग्रेगरीने स्वतःच करून ठेवले आहे. तो तिथे कधी नीट रुजू झालाच नाही आणि मैत्रीतही कायमची अढी पडली. पुढे ३८१ मध्ये तो कॉन्स्टँटिनोपलचा बिशप झाला, तेव्हा विरोधकांनी नायसियाचा पंधरावा नियम काढला: बिशपने एका नगरातून दुसऱ्या नगरात जाऊ नये, आणि हा तर सासिमाचा बिशप! ग्रेगरीने राजीनामा दिला. त्याच्या जागी नेक्टेरियस हा अधिकारी आला, ज्याचा निवडीच्या वेळी बाप्तिस्मासुद्धा झालेला नव्हता. करवसुलीच्या सोयीसाठी ओढलेली एक रेघ आणि तिच्यामुळे त्या काळच्या सर्वांत मोठ्या धर्मपंडितांपैकी एकाची राजधानीतली कारकीर्द संपली.

दीक्षा आणि हद्द यांची फारकत झालेली उदाहरणेही हवीत, कारण तुमच्या पुस्तकात ती भेटणार. स्कॉटलंडजवळच्या आयोना बेटावर मठाचा प्रमुख दीक्षेने साधा प्रेस्बितेर असे आणि तरी आसपासचे बिशपसुद्धा त्याच्या आज्ञेत असत. आठव्या शतकात इंग्लंडमधला संन्यासी इतिहासकार बीड याने ही रीत जगावेगळी असल्याची नोंद केली. याच्या उलट टोकाला आहेत नामधारी बिशप. उत्तर आफ्रिका आणि पश्चिम आशियातली जुनी ख्रिस्ती नगरे मुस्लिम सत्तेखाली गेली, तिथले कळप विरले, पण बिशपपदांची नावे उरली. बिशपला कुठल्या तरी नगराचे नाव हवेच, म्हणून ही नावे सहायक बिशपांना आणि पोपच्या दूतांना दिली जाऊ लागली. १८८२ पर्यंत त्यांना ‘परधर्मीयांच्या प्रदेशातले’ अशी पुस्ती असे. त्या वर्षी पोप लिओ तेराव्याने ती काढली. १९९५ मध्ये फ्रान्समधल्या एव्ह्रूचे बिशप जाक गायो यांना पदावरून हटवले गेले, तेव्हा त्यांना अल्जीरियातल्या पार्तेनिया या लोप पावलेल्या नगराचे बिशप करण्यात आले. दीक्षा शाबूत, कळप शून्य.

तुमच्या नकाशाचे कोडे इथेच सुटते. जर्मन प्रदेशात पवित्र रोमन साम्राज्याखाली अनेक बिशप स्वतः राज्यकर्ते होते; माइन्त्स, कोलोन आणि ट्रीअरच्या आर्चबिशपांना तर १३५६ च्या सुवर्णाज्ञेने (सम्राटाच्या फर्मानाने) सम्राट निवडण्याचा हक्क पक्का करून दिला. अशा प्रत्येक बिशपची दोन क्षेत्रे असत: आध्यात्मिक अधिकाराचा धर्मप्रांत, आणि तो राजा म्हणून ज्यावर कर बसवी तो मुलूख, ज्याला जर्मनमध्ये ‘होखश्टिफ्ट’ म्हणतात. कॉन्स्टान्सचा धर्मप्रांत जर्मन भूमीतल्या सर्वांत मोठ्यांपैकी होता आणि त्याच बिशपचे राज्य मात्र चिमुकले. तुमच्याकडच्या दोन नकाशांपैकी एकावर बहुतेक धर्मप्रांत आहे आणि दुसऱ्यावर राज्य. मराठीत एकाला धर्मप्रांत आणि दुसऱ्याला बिशपचे संस्थान म्हणा, गोंधळ मिटेल. ही संस्थाने १८०३ मध्ये खालसा झाली; त्यानंतरच्या प्रकरणांत हा प्रश्न येणार नाही.

कार्डिनल. रोममधल्या मुख्य चर्चचे प्रेस्बितेर, रोमचे डीकन आणि रोमभोवतालच्या छोट्या नगरांचे बिशप, हे पोपचे जवळचे सहकारी. त्यांतून कार्डिनलांचे तीन वर्ग झाले. १०५९ मध्ये पोप निकोलस दुसऱ्याच्या फर्मानाने पोपच्या निवडीत पुढाकार कार्डिनल बिशपांकडे गेला, ११७९ च्या तिसऱ्या लॅटरन परिषदेने सगळ्या कार्डिनलांचे मत सारखे धरून दोनतृतीयांश बहुमत लागू केले. कार्डिनलपद म्हणजे पोपचा सल्लागार आणि मतदार असणे. त्याला दीक्षेची वेगळी पायरी नाही. जिओव्हानी दे मेदिची तेराव्या वर्षी कार्डिनल झाला. मार्च १५१३ मध्ये तो पोप लिओ दहावा म्हणून निवडून आला तेव्हा डीकनच होता. त्याला १५ तारखेला प्रीस्टची आणि १७ ला बिशपची दीक्षा देऊन १९ ला मुकुट घालावा लागला. पायस नववा याचा परराष्ट्र कारभार पाव शतकाहून जास्त काळ सांभाळणारा कार्डिनल अँतोनेल्ली १८७६ मध्ये वारला, तोही डीकन म्हणूनच. १९१७ च्या धर्मसंहितेने कार्डिनल किमान प्रीस्ट असावा अशी अट घातली आणि १९६२ मध्ये जॉन तेविसाव्याने सगळ्यांना बिशपची दीक्षा असावी असे ठरवले. तेव्हा तुमचा ‘कार्डिनल डीकन’ हा छापखान्याची चूक नाही. मात्र एक सावधगिरी घ्या: आज कार्डिनल डीकन म्हटला जाणारा माणूस दीक्षेने सहसा बिशप असतो, तिथे ‘डीकन’ हे फक्त वर्गाचे नाव आहे. आजही बहुतेक सगळ्या कार्डिनलांना रोममधले एखादे चर्च किंवा भोवतालचे एखादे नगर नावापुरते दिले जाते, ते याच जुन्या नात्यामुळे.

पंथ बदलला की तोच शब्द दुसऱ्या माणसाकडे जातो. कॅथलिक कागदात ‘सफ्रगन’ म्हणजे मेट्रोपॉलिटनच्या प्रांतातला, स्वतःचा धर्मप्रांत असलेला बिशप. अँग्लिकन कागदात तोच शब्द, १५३४ च्या कायद्यापासून, मदतनीस बिशपला लागतो. रशियन परंपरेत मेट्रोपॉलिटन आर्चबिशपच्या वर, ग्रीक परंपरेत बहुधा खाली. प्रोटेस्टंट सुधारक कॅल्विनच्या जिनिव्हात १५४१ च्या नियमांनी पाळक, शिक्षक, वडील आणि डीकन अशी चार पदे ठरवली. त्यांतले ‘वडील’ हे दीक्षित नव्हते, नगराच्या मंडळांतून निवडलेले गृहस्थ होते. मेथडिस्ट चळवळीचा संस्थापक वेस्ली याने १७८४ मध्ये अमेरिकेतल्या मेथडिस्टांसाठी ‘सुपरिंटेंडंट’ नेमला. तिथल्या लोकांनी थोड्याच वर्षांत त्याला बिशप म्हणायला सुरुवात केली आणि वेस्ली भयंकर चिडला. वास्तविक सुपरिंटेंडंट हे एपिस्कोपोसचेच शब्दशः लॅटिन रूप! पण भांडण अर्थाचे नव्हतेच, त्या नावाबरोबर येणाऱ्या थाटाचे होते.

इंग्रजी बायबलांचे उतारे तुम्ही देणार असाल तर हेही ध्यानात असू द्या. इंग्रज भाषांतरकार टिंडल याने १५२६ च्या नव्या करारात ‘एक्लेसिया’साठी चर्चऐवजी मंडळी या अर्थाचा शब्द घातला आणि प्रेस्बितेरसाठी प्रीस्टऐवजी ज्येष्ठ. कॅथलिक विद्वान थॉमस मोर त्यावर तुटून पडला, कारण त्या दोन शब्दांनी सगळी रचनाच बायबलबाहेर जात होती. राजा जेम्सच्या भाषांतरकारांना दिलेल्या नियमांत म्हणूनच स्पष्ट लिहिले होते की चर्चचे जुने शब्द ठेवावेत. १६११ च्या आवृत्तीत ‘चर्च’ दिसतो तो या नियमाला धरून.

मध्ययुगीन शाळांतल्या ग्रंथांतून घेतलेला मजकूर असेल तर आणखी एक फरक लागेल. बाराव्या शतकात धर्मशास्त्राचा पंडित पीटर लोम्बार्ड याने द्वारपालापासून प्रीस्टपर्यंत सात दीक्षा मोजल्या आणि बिशपला त्यांत धरलेच नाही; त्याच्या मते ती प्रतिष्ठा होती. बिशपच्या अभिषेकात दीक्षेची पूर्णता आहे असे कॅथलिक चर्चने दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेत, १९६४ मध्ये, स्पष्टपणे मांडले. खालच्या दीक्षा आणि उपडीकनपद १९७२ मध्ये पोप पॉल सहाव्याने लॅटिन (पश्चिमेकडच्या कॅथलिक) चर्चमधून काढले. म्हणून तेराव्या शतकातल्या ‘क्लेरिकुस’ला ‘पाद्री’ लिहू नका. डोक्यावरचे केस गोल कापून घेतलेला, एखादी खालची दीक्षा मिळालेला, कदाचित बायकोमुले असलेला लेखनिकही त्या शब्दात बसतो.

मॉन्सिन्यॉरचे उत्तर सगळ्यांत छोटे. तो फक्त मान आहे. पोपने एखाद्या प्रीस्टला दिला तरी त्याची दीक्षा आणि अधिकार होते तिथेच राहतात. मात्र काही देशांत बिशपांनाही मॉन्सिन्यॉर म्हणण्याची रीत आहे, म्हणून फ्रेंच किंवा इटालियन मजकुरात तो शब्द आला की आधी पुढे कुठल्या नगराचे नाव आहे का ते पाहा. २०१४ च्या सुरुवातीपासून धर्मप्रांतातल्या प्रीस्टांना हा मान फक्त वयाच्या पासष्टीनंतर आणि एकाच श्रेणीत मिळतो.